शाळेच्या नाटकातले आवाज आणि एक मुक्त आज्ञावली

चिखलदऱ्याच्या परिसरातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही काही सहकारी गेलो होतो. सकाळी प्रयोगांचे साहित्य मांडायचे आणि संध्याकाळी मुलांची नाटके पाहायची, असा आमचा बेत होता. आठवी-नववीच्या मुलांनी स्वतःच एक छोटे नाटक बसवले होते. विषय गावाच्या नावाचाच होता. विराटाच्या घरी अज्ञातवासात असलेल्या भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले तो कीचकदरा, आणि त्याचाच पुढे चिखलदरा झाला, अशी आख्यायिका येथे सांगतात. जवळच्या वैराटचे नाव विराटाशी आणि भीमकुंडाचे नाव भीमाशी जोडतात. मुलांनी त्यात आपली भर घातली होती. भीम दरीच्या काठावर उभा राहून आरोळी ठोकतो आणि पाच डोंगर त्याला पाच वेळा उत्तर देतात, असा शेवट होता. पंचबोल पॉइंट पाहिलेल्या कोणालाही ही कल्पना कोठून आली हे लगेच समजेल.

नाटक रंगले. भीमाने आरोळी ठोकली आणि दरीकडे कान दिला. दरी गप्प! ध्वनिवर्धकाला जोडलेल्या मोबाइलवर पडसाद इंटरनेटवरून वाजणार होता. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले. दहा-बारा सेकंदांनी आवाज आला, तो साबणाच्या जाहिरातीचा. सभागृह हसून लोटपोट झाले. भीमही हसला. हसली नाही ती फक्त मोबाइलपाशी बसलेली नववीतली मुलगी. कार्यक्रमानंतर कोणीतरी तिला म्हणाले, “एवढं सोपं काम होतं, तेही जमलं नाही?” पुन्हा आवाजाच्या टेबलापाशी बसणार नाही, असे तिने शिक्षकांना सांगून टाकले.

आम्हाला हे खटकले. प्रयोगशाळेत एखादे उपकरण चुकीचे वाचन देऊ लागले तर आपण आधी उपकरण तपासतो, निरीक्षकाला दोष देत नाही. येथे तर एका मुलीच्या हाती त्या कामासाठी न बनलेले साधन दिले होते आणि साधनाचा दोष तिच्या माथी मारला होता. मग त्या कामासाठी बनलेले साधन कोणते? ते शाळेला परवडेल का? या प्रश्नांमागे लागून आम्ही जे शिकलो, ते या लेखात सांगत आहोत.

संकेत म्हणजे काय?

नाटकात आवाज वाजवणे आणि गाणी वाजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणे ऐकताना ते दोन सेकंद उशिरा सुरू झाले तरी काही बिघडत नाही. नाटकात मात्र प्रत्येक आवाज एखाद्या शब्दाला किंवा हालचालीला बांधलेला असतो. नटाने दाराची कडी काढली की करकर वाजली पाहिजे. अशा बांधलेल्या आवाजाला रंगभूमीवर ‘क्यू’ म्हणतात. आपण त्याला ध्वनिसंकेत म्हणू. संकेताला चार गोष्टी लागतात: केव्हा सुरू व्हायचे, किती मोठ्याने वाजायचे, केव्हा थांबायचे आणि थांबताना एकदम तुटायचे की हळूहळू विरायचे. चौथी गोष्ट बहुधा विसरली जाते. पाऊस मध्येच कात्रीने कापल्यासारखा थांबला की प्रेक्षकाला पाऊस नव्हे, यंत्र ऐकू येते.

ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी विंगेत पत्रा हलवून गडगडाट केला जाई आणि सुपात कडधान्य फिरवून पाऊस पाडता येई. पुढे स्पूलची टेप आली. नाटकासाठी वापरल्या जाणाऱ्या वेगाने ती सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर सरकते. म्हणजे एक सेंटिमीटर टेप म्हणजे सेकंदाचा एकोणिसावा भाग. त्यामुळे टेप ब्लेडने कापून हवी तशी जोडता येई. दोन आवाजांच्या मध्ये पांढरी कोरी पट्टी चिकटवण्याची पद्धत होती. आवाज संपून पांढरी पट्टी दिसली की यंत्र थांबवायचे. पुढचा आवाज तयार उभाच असे. १९६३ साली फिलिप्स कंपनीने आणलेली कॅसेट स्वस्त आणि सोयीची होती, पण तिची टेप सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते आणि डबीत बंद असते. नेमकी जागा शोधणे अवघड. म्हणून अनुभवी माणसे एका संकेताला एक कॅसेट ठेवत आणि त्या ओळीने मांडत.

पांढरी पट्टी काय किंवा कॅसेटची रांग काय, दोन्हींचे मर्म एकच आहे. कोणता आवाज कोणत्या क्रमाने यायचा हा निर्णय तालमीत, उजेडात घेऊन ठेवायचा. प्रयोगाच्या वेळी अंधारात हातांना एकच काम उरले पाहिजे: ठरलेल्या क्षणी एक कळ दाबणे. मोबाइल आपल्या खिशात आला तेव्हा ही शिस्त हरवली. मोबाइलवर आवाज पुष्कळ आहेत, पण क्रम नाही. त्या मुलीला आरोळी ऐकायची होती, यादीतून आवाज शोधायचा होता, बोट नेमके टेकवायचे होते आणि नेटची वाटही पाहायची होती. एवढी कामे एका क्षणात कोणालाही जमणार नाहीत.

आपल्याला हवे तरी काय?

साधन शोधण्यापूर्वी आम्ही शिक्षकांबरोबर बसून गरजांची यादी केली. आपल्या शाळेची यादी थोडी वेगळी असेल, पण ती आधी कागदावर लिहावी.

पहिली गरज, प्रयोगाच्या वेळी इंटरनेट मुळीच लागू नये. घाटावर नेटचा भरवसा नाही आणि अमरावतीच्या स्पर्धेतही शेकडो मोबाइल एकत्र आले की तीच गत होते. दुसरी, संकेत ओळीने मांडता यावेत आणि एकाच कळीने पुढे सरकता यावे. तिसरी, दोन आवाज एका वेळी वाजवता यावेत, कारण पाऊस चालू असतानाच वीज कडाडते. चौथी, आवाज हळूहळू चढवता आणि उतरवता यावा. पाचवी, सगळे एका झटक्यात थांबवणारी कळ असावी. सहावी, शाळेच्या कपाटात पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते चालावे. आणि सातवी, त्याला पैसे पडू नयेत. आज तर नाहीतच, पुढच्या वर्षीही नाहीत.

फुकट आणि मुक्त

सातव्या गरजेपाशी थोडे थांबले पाहिजे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यातून गोंधळ होतो. मराठीत मात्र दोन स्वतंत्र शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे आज पैसे घेतले नाहीत. उद्या मालकाने किंमत लावली, जाहिराती घातल्या किंवा ते बंद केले, तर आपण काही करू शकत नाही. मुक्त म्हणजे त्या आज्ञावलीवर आपले काही हक्क आहेत.

हे हक्क नेमके सांगण्याचे काम रिचर्ड स्टॉलमन यांनी केले. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये मुक्त आज्ञावलींसाठी प्रतिष्ठान स्थापन केले. त्यांच्या मांडणीत चार स्वातंत्र्ये आहेत. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, ती कशी चालते हे वाचून तिच्यात बदल करण्याचे, तिच्या प्रती दुसऱ्याला देण्याचे आणि आपण सुधारलेली आवृत्तीही वाटण्याचे. शाळेच्या दृष्टीने तिसरे स्वातंत्र्य फार मोलाचे आहे. शिक्षकाने ती शेजारच्या शाळेला दिली किंवा विद्यार्थ्याने घरी नेली तर ती चोरी ठरत नाही. आपण मुलांना नक्कल करू नका असे शिकवतो आणि शाळेच्याच संगणकावर चोरून घेतलेल्या आज्ञावली ठेवतो. ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

आता प्रत्यक्ष पर्याय पाहू. व्यावसायिक नाटकांत ‘क्यूलॅब’ ही आज्ञावली फार वापरली जाते. तिचा साध्या ध्वनीपुरता भाग फुकट आहे, पण ती फक्त मॅक संगणकावर चालते. आपल्या किती शाळांत मॅक आहे? विंडोजसाठी ‘मल्टिप्ले’ नावाची आज्ञावली आहे. तिच्यात संकेतांची यादी करता येते आणि ती फुकट आहे, मात्र वरच्या अर्थाने मुक्त नाही. जेथे विंडोजच आहे आणि बदलायची तयारी नाही, तेथे ती कामाला येईल.

आमच्या यादीतील सातही गरजा भागवणारी आणि खऱ्या अर्थाने मुक्त असलेली आज्ञावली म्हणजे ‘लिनक्स शो प्लेअर’. ती नाटकाच्या ध्वनिसंकेतांसाठीच लिहिलेली आहे. नावाप्रमाणे ती लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालते. तिच्यात संकेत दोन प्रकारे मांडता येतात. एक यादीसारखा, वरून खाली. ठरलेल्या नाटकाला हा उत्तम. दुसरा चौकोनी खान्यांचा, ज्यात हवा तो आवाज केव्हाही निवडता येतो. हा पथनाट्याला किंवा उत्स्फूर्त खेळाला बरा. यादीत प्रत्येक संकेताला सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू, पातळी, चढ आणि उतार यांचे सेकंद आणि ‘हा सुरू झाल्यावर इतक्या वेळाने पुढचा आपोआप सुरू कर’ अशी सूचना देता येते. प्रयोगात मात्र फक्त स्पेसची लांब पट्टी दाबायची. अंधारात बोटाला सहज सापडणारी तीच एक कळ आहे.

लिनक्स म्हटले की अनेक शिक्षक दचकतात. पण आधीची विंडोज न पुसता लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू करून पाहता येते. जुन्या यंत्रांसाठी तिच्या हलक्या आवृत्त्याही आहेत. उतरवून घेण्यासाठी नेट एकदाच लागते. परतवाड्याला किंवा अमरावतीला नेट चांगले मिळेल तेथे हे काम उरकावे आणि घाटावर तयार यंत्र घेऊन यावे.

तेही शक्य नसेल तर? व्हीएलसी हा मुक्त वादक बहुतेक संगणकांवर आधीच असतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘एक फाईल वाजली की थांब’ अशी सोय आहे. फाईलींना ०१, ०२, ०३ असे क्रमांक देऊन त्याची यादी करावी. दोन आवाज एकावर एक हवे असतील तर ते आधीच मिसळून त्यांची एक फाईल करावी. हा गरिबाचा उपाय खरा, पण इंटरनेटवर विसंबलेल्या मोबाइलपेक्षा कितीतरी भरवशाचा.

उशीर कोठे होतो?

विज्ञानशिक्षकांना येथे वर्गासाठी चांगले खाद्य आहे. कळ दाबल्यापासून प्रेक्षकाच्या कानात आवाज पोचेपर्यंत वेळ कोठे कोठे जातो?

पहिला टप्पा माणसाचा. संकेत ऐकून बोट हलायला साधारण सेकंदाचा पाचवा-सहावा भाग लागतो. म्हणून अनुभवी माणूस संकेताच्या आधीच्या वाक्यालाच सावध होतो. त्यासाठी रंगमंच व्यवस्थापक दोन सूचना देतो: आधी ‘तयार’, मग ‘सोड’.

दुसरा टप्पा संगणकाचा. संगणकातील ध्वनी म्हणजे आकड्यांची माळ. सीडीच्या दर्जाला दर सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात. संगणकाला इतरही कामे असल्यामुळे तो हे आकडे एकेक न देता गठ्ठ्याने एका साठ्यात टाकतो आणि ध्वनीचे कार्ड तेथून ते एका लयीत उचलते. घरच्या रांजणासारखेच हे आहे. नळाला पाणी केव्हाही येवो, तोटी सारखी वाहते. रांजण फार लहान असेल तर तो मध्येच कोरडा पडतो आणि आवाज फुटतो. फार मोठा असेल तर आधीचे पाणी वाहून गेल्याशिवाय नवे तोटीपर्यंत येत नाही, हाच उशीर. २५६ आकड्यांच्या साठ्याला ४४,१०० ने भागले तर सुमारे ६ मिलिसेकंद येतात. १,०२४ आकड्यांना सुमारे २३ मिलिसेकंद.

हे जास्त की कमी? त्यासाठी तिसरा टप्पा पाहू, हवेचा. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच आहे, पण उंचीमुळे दाब कमी झाल्याने या वेगात फरक पडत नाही. फरक पडतो तो थंडीने. हिवाळ्यात १० अंशाला येथे वेग ३३७ मीटर असेल, तर उन्हाळ्यात ४० अंशाला अमरावतीत ३५५. सोयीसाठी ३४० धरू. मग ६ मिलिसेकंदांत ध्वनी दोन मीटर जातो आणि २३ मिलिसेकंदांत आठ मीटर. म्हणजे संगणकाचा उशीर एवढाच, की भोंगा जणू काही पावले मागे ठेवला आहे. शेवटच्या रांगेतला प्रेक्षक रंगमंचापासून १७ मीटरवर असेल तर त्याला नटाचा आवाजही ५० मिलिसेकंद उशिरानेच ऐकू येतो. त्याची तो तक्रार करत नाही.

आता बिनतारी ब्लूटूथ भोंग्याचा विचार करा. त्यात आवाज आवळून, पाठवून पुन्हा उलगडावा लागतो. त्यासाठी सेकंदाच्या दहाव्या भागापासून पाव सेकंदापर्यंत किंवा त्याहून अधिक वेळ जाऊ शकतो. ०.२ सेकंद धरले तरी ०.२ गुणिले ३४०, म्हणजे ६८ मीटर. तुम्ही भोंगा टेबलावर ठेवला असला, तरी वेळेच्या हिशेबाने तो मैदानाच्या पलीकडे आहे. थप्पड येथे आणि आवाज तेथे! नाटकासाठी तारेचीच जोडणी वापरावी.

हे सारे मोजूनही पाहता येते. मोबाइल कळफलक आणि भोंगा यांच्याजवळ ठेवून ध्वनिमुद्रण चालू करा. टाळीचा आवाज असलेला संकेत कळ दाबून वाजवा. मुद्रित फाईल ‘ऑडॅसिटी’ या मुक्त आज्ञावलीत उघडा. कळीची टकटक आणि भोंग्यातील टाळी अशी दोन टोके आलेखावर दिसतील. त्यांमधील अंतर म्हणजे उशीर. तारेची आणि बिनतारी जोडणी यांची दहा-दहा वाचने घेऊन सरासरी काढा. नववीच्या मुलांना यात ध्वनीचा वेग, सरासरी आणि मापनातील चूक असे तीन धडे एकत्र मिळतील.

पाच डोंगरांचे उत्तर

ऑडॅसिटी हे ध्वनी कापण्या-जोडण्याचे साधन १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी लिहायला घेतले. २००० पासून ते सर्वांसाठी खुले आहे आणि विंडोजवरही चालते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ऑडॅसिटीचे पाठ आहेत. या प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले गेले आहेत.

भीमाच्या आरोळीचा पडसाद इंटरनेटवरून आणायची खरे तर गरजच नव्हती. तो गणिताने तयार करता येतो. मूळ आवाज आणि पडसाद वेगळे ऐकू येण्यासाठी त्यांच्यात सुमारे एक दशांश सेकंद अंतर लागते. तेवढ्या वेळात ध्वनी ३४ मीटर जातो; म्हणून परावर्तन करणारा कडा निदान १७ मीटर दूर हवा. समजा, पाच कडे १००, १७०, २५०, ३४० आणि ४३० मीटरवर आहेत. जाऊन-येऊन अंतर दुप्पट. १२ अंश तापमानाला वेग ३३८ धरला तर पडसाद अनुक्रमे ०.५९, १.०१, १.४८, २.०१ आणि २.५४ सेकंदांनी येतील. भीमाचे काम करणाऱ्या मुलाची आरोळी मुद्रित करावी, तिच्या पाच प्रती करून त्या या वेळांवर सरकवाव्यात. मूळ आरोळी तो रंगमंचावर स्वतः देणार असल्याने ती फाईलमधून काढून टाकावी, पण तिच्या जागेची शांतता ठेवावी.

पातळी किती ठेवायची? अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरते. म्हणून १०० मीटरच्या पडसादापेक्षा ३४० मीटरचा सुमारे १० ते ११ डेसिबल खाली ठेवावा. शिवाय हवेत उच्च कंप्रतेचे तरंग अधिक शोषले जातात, त्यामुळे दूरचा पडसाद बोथट वाटतो. दर प्रतीला उच्च कंप्रता थोडी थोडी गाळली की डोंगर खरोखर दूर गेल्यासारखे वाटतात. आणि पंचबोलवर प्रत्यक्षात किती पडसाद मोजता येतात? नावावर विसंबू नका. वारा नसलेल्या सकाळी मुलांना शिक्षकांसोबत, कठड्याच्या आत उभे करून एकच खणखणीत टाळी मुद्रित करा आणि आलेखावर टोके मोजा.

इतर आवाजांसाठीही आधी आपला परिसर ऐकावा. पत्र्यावरचा मेळघाटचा पाऊस, घाटात दुसरा गिअर टाकणारी एसटी, आठवडी बाजार, कोरकू वस्तीवरचा ढोल आणि बासरी हे आवाज परदेशी संग्रहात मिळणार नाहीत. वादकांना विचारून, कशासाठी ते सांगून मुद्रण करावे आणि पत्रिकेत त्यांचे नाव द्यावे. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात मात्र आवाज मुद्रित करण्याच्या निमित्ताने शिरू नये, आणि तेथे कोणताही आवाज वाजवूही नये. जे मिळणारच नाही त्यासाठी ‘फ्रीसाउंड’ हा संग्रह आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात तो २००५ साली सुरू झाला. तेथे प्रत्येक आवाजाखाली वापराच्या अटी लिहिलेल्या असतात, त्या वाचाव्यात. चित्रपटसंगीताबद्दल शिक्षक नेहमी विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शाळेच्या उपक्रमासाठी सवलत आहे, पण ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत प्रेक्षक हे शाळेतील विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असावे लागतात. तोच प्रयोग तिकीट लावून गावाला दाखवला किंवा चित्रित करून इंटरनेटवर टाकला, तर ही सवलत गृहीत धरता येत नाही. स्वतः मुद्रित केलेल्या आवाजांना ही काळजी कमी.

फाईली एमपीथ्रीऐवजी वेव्ह प्रकारात ठेवाव्यात. एमपीथ्रीत आवाज आवळताना सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते. वेव्हला जागा जास्त लागते, पण किती? ४४,१०० आकडे, प्रत्येकी दोन बाइट, डावा-उजवा असे दोन मार्ग: सेकंदाला १,७६,४०० बाइट, म्हणजे मिनिटाला साडेदहा मेगाबाइट. नाटकातले सगळे आवाज मिळून पंधरा मिनिटांचे असले तरी १६० मेगाबाइट पुरतात. कोणत्याही पेनड्राइव्हवर ते मावतात.

कागद आधी, कळ नंतर

आज्ञावली कितीही चांगली असली तरी संकेतांची यादी आधी कागदावर हवी. मुलांच्या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशाची यादी अशी होती:

१. पडदा उघडताच: रातकिडे, ५ सेकंदांत चढत, हलके.
२. “कोण आहे तिकडे?” या वाक्यानंतर: वाळलेल्या पानांवर पावले.
३. कीचक पडताच: रातकिडे एकदम बंद.
४. भीमाची आरोळी सुरू होताच: पाच पडसाद.
५. पाचवा पडसाद विरल्यावर, ३ सेकंदांनी आपोआप: भीमकुंडाचे पाणी, ८ सेकंदांत चढत.
६. शेवटचे वाक्य संपताच: पाणी १० सेकंदांत विरत.

तिसरा संकेत पाहा. तो आवाज नाही, शांतता आहे. यादी लिहिल्याशिवाय हे सुचत नाही.

प्रयोगाच्या दिवशी यंत्रातील सूचना, नेट आणि आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करावी. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरावी, कारण वीज गेली तर यादी जागेवर राहते. फाईलींची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर आणि यादीची दुसरी प्रत रंगमंच व्यवस्थापकाकडे असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाजाच्या टेबलापाशी बसणाऱ्याने पहिल्या तालमीपासून बसावे. आपण नटांच्या वीस तालमी घेतो आणि ध्वनीच्या माणसाला प्रयोगाच्या सकाळी बोलावतो.

चिखलदऱ्याला नाटकाची आणखी एक आठवण चिकटलेली आहे. या कीचकाच्याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी लिहिलेले ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. ज्या गोष्टीचा शब्द एकेकाळी सरकारला एवढा झोंबला, तीच गोष्ट आज मुले सांगतात तेव्हा तिचा पडसाद साबणाच्या जाहिरातीत बुडू नये, एवढीच आमची इच्छा होती.

पुढच्या हिवाळ्यात त्याच शाळेने तेच नाटक पुन्हा केले. शिक्षकांनी त्या मुलीची समजूत घातली होती. आता दहावीत गेलेली ती पुन्हा टेबलापाशी बसली. पडसादाच्या वेळा तिनेच गणित करून लावल्या होत्या. भीमाने आरोळी ठोकली. एक, दोन, तीन, चार... पाचवा पडसाद इतका हलका होता की सभागृहाने श्वास रोखून तो ऐकला. मग पाणी वाहू लागले. प्रयोगानंतर आम्ही तिला विचारले, अवघड गेले का? ती म्हणाली, “नाही जी सर. आता मले शोधा नाही लागत. फक्त आयकाच लागते.”

साधन चांगले असल्याची याहून नेमकी कसोटी आम्हाला सांगता येणार नाही. आपल्या शाळेत पुढचे नाटक बसेल तेव्हा आवाजाचे टेबल आधी मांडा. आपल्या मुलांनी मोजलेले उशीर आणि पडसाद वाचायला आम्हाला आवडेल.